आम्ही की आपण?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण. काही सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहे.)

अध्यक्ष महोदय, व्यवस्थापक समितीचे सदस्य आणि दोन्ही विंगमधल्या लहानथोर मंडळींनो, सप्रेम नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत आणि माझ्यानंतर मुलांचे नाच आहेत. त्यामुळे कोणाचं लक्ष माझ्याकडे आहे आणि कोणाचं पडद्यामागे, ते मला इथून दिसतंय. थोडक्यात बोलतो.

मी आत्ता "अध्यक्ष महोदय" म्हणालो. याच महोदयांना मी रोज सकाळी टाकीपाशी "काय रे, मोटर लावली का नाही कोणी?" असं विचारतो. माणूस तोच, मीही तोच. मध्ये फक्त माईक आला.

आपण सगळेच असं करतो. आमच्या शेजारच्या वहिनींना माहेरून फोन आला की भिंतीपलीकडून कळतं, कारण क्षणात मालवणी सुरू होते. फोन ठेवला की लेकीशी अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. तेवढ्यात बेल वाजली तर भाजीवाल्याशी मुंबईची हिंदी. पाच मिनिटांत तीन वहिनी! काहींना हा दुटप्पीपणा वाटतो. मला नाही वाटत. समोरच्याला सोपं जावं म्हणून आपण जीभ वळवतो, त्यात खोटं काय आहे?

ब्रिटनमधल्या हॉवर्ड जाइल्स नावाच्या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात यावर एक सिद्धांतच मांडला. समोरचा माणूस जवळचा वाटला, किंवा जवळचा व्हावा असं वाटलं, की आपण त्याच्यासारखं बोलू लागतो. अंतर ठेवायचं असलं की मुद्दाम वेगळं बोलतो. कधीकधी जुळवून घेण्याचा अतिरेकही होतो.

जुळवून घेणं किती खोल जाऊ शकतं, याचं जगप्रसिद्ध उदाहरण आपल्या सांगली जिल्ह्यातलं आहे. कुपवाड. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली या गावाबद्दल लिहिलं. तिथे मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी कुटुंबं पिढ्यानपिढ्या शेजारी राहत होती. घरात प्रत्येकाने आपली भाषा जपली, शब्द आपापलेच ठेवले. पण रोजच्या व्यवहारामुळे वाक्यांची घडण इतकी सारखी झाली, की एका भाषेतलं वाक्य जवळजवळ शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता येई. कोणी कोणाला भाषा सोडायला लावली नाही, तरी सगळे एकमेकांकडे थोडेथोडे सरकले. सोसायटी म्हणजे आणखी वेगळं काय असतं हो?

आता अतिरेकाचं उदाहरण. आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी. त्यांच्याशी आपण सगळे मोठ्याने, तोडून तोडून, लहान मुलाशी बोलावं तसं बोलतो. "आजीऽऽ, जेवण झालं काऽऽ?" एकदा त्या मला म्हणाल्या, "अरे, मला कमी ऐकू येतं, कमी कळत नाही." आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली बाई! एका वर्षी ताळेबंदातली बेरजेची चूक त्यांनीच दाखवली होती. ती चूक माझीच होती.

आणि अंतर ठेवण्याचं उदाहरण मी स्वतः आहे. हे आज सांगायचं ठरवूनच आलो आहे.

मी सेक्रेटरी असताना एकदा मेंटेनन्स बराच थकला होता. मी बोर्डावर नोटीस लावली. "खालील सभासदांना कळविण्यात येते की, थकबाकी सात दिवसांच्या आत न भरल्यास नियमानुसार कारवाई करण्यात येईल." खाली नावं. त्यातलं एक नाव माझ्याच मजल्यावरचं. नोटीस लागल्यापासून ते गृहस्थ बोर्डासमोरून मान खाली घालून जायचे. त्या वर्षी गणपतीच्या आरतीलाही त्यांच्या घरून कोणी आलं नाही.

तीन महिन्यांनी कळलं, त्यांची कंपनी बंद पडली होती. या काळात मी त्यांना लिफ्टमध्ये रोज भेटत होतो. "काय, बरं आहे ना?" मी विचारायचो. "बरं आहे," ते म्हणायचे. मग मी घरी गेलो. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, दार वाजवलं असतंत तर सांगितलं असतं."

त्यांच्या बोलण्यापेक्षा तो "साहेब" मला जास्त लागला. कारण त्याआधी ते मला "दादा" म्हणायचे. शेजाऱ्याशी मी कचेरीच्या भाषेत बोललो, त्यांनीही मला कचेरीतली जागा दाखवली. हप्ते ठरले, पैसे सगळे आले. पुढे ते कुटुंब गावी गेलं. जाईपर्यंत मी साहेबच राहिलो.

नियम चूक नव्हता. वसुली करायलाच हवी, नाहीतर पाण्याचं आणि विजेचं बिल कोण भरणार? पण नोटिशीआधी दहा पावलं चालून एक कप चहा प्यायला हवा होता.

आता पुढचं. लिफ्ट बदलायची आहे आणि खर्च मोठा आहे. मागच्या सर्वसाधारण सभेत तळमजला म्हणाला, "आम्ही लिफ्ट वापरत नाही, आम्ही का द्यायचे?" वरचे म्हणाले, "आम्ही काय रोज जिने चढायचे?" कमिटी म्हणाली, "आम्ही फुकट काम करतो, वर आम्हीच ऐकून घ्यायचं?" दोन तास नुसतं आम्ही, आम्ही, आम्ही.

इंग्रजीत "वुई" म्हटलं की समोरचा त्यात आहे का नाही, ते शब्दावरून कळत नाही. मराठीत कळतं. "आम्ही" म्हणजे तुम्हाला सोडून, "आपण" म्हणजे तुम्हाला धरून. हा शब्द आपल्याला आयताच मिळाला आहे. मात्र खोटं "आपण" नको. "आपण जरा गच्ची झाडून घेऊया" असं वॉचमनकाकांना सांगून वर निघून जायचं, हे ते खोटं "आपण"! आणि जाता जाता, आपल्या वडिलांच्या वयाच्या काकांना मुलं "ए, तू" म्हणतात, ते त्यांनी आपल्याच तोंडून उचललंय.

"आपण" म्हटलं म्हणजे सगळ्यांचं एकमत झालं, असं नाही. भांडण होईलच. पण एका घरातलं होईल. पुढच्या सभेत तळमजल्याला एवढंच विचारून बघा, "आपण हा खर्च कसा वाटून घ्यायचा?" आणि उत्तर मनापासून ऐका. तळमजल्यावरही गुडघे दुखणारी माणसं आहेत, त्यांनाही वरच्या मजल्यावर हळदीकुंकवाला जायचं असतं.

पंचवीस वर्षांपूर्वी आलो तेव्हा आपण एकमेकांना फ्लॅटच्या नंबरावरून ओळखत होतो. आज काका, मावशी, दादा झालो आहोत. ते टिकवूया. मुलं मेकअप करून ताटकळली आहेत, म्हणून माझे दोन शब्द संपवतो.