मदरबोर्डला किती पैसे घालावेत?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



संगणक घ्यायला आलेलं गिऱ्हाईक काय काय विचारतं, हे इतक्या वर्षांच्या दुकानदारीत मला पाठ झालं आहे. प्रोसेसर कुठला? रॅम किती? एसएसडी केवढी? पण मदरबोर्ड कुठला घालताय, हे क्वचितच कोणी विचारतं. तो डब्याच्या आत असतो, दिसत नाही. आणि जे दिसत नाही, त्यावर पैसे वाचवावेत असं कुणालाही वाटतं. मलाही वाटायचं. त्याचीच एक गोष्ट आधी सांगतो.

२००३ साली आमच्या कराडात एका ताईंनी घरच्या घरी डीटीपीचं काम सुरू केलं. पेजमेकर, श्रीलिपी, एक प्रिंटर आणि मी जोडून दिलेला संगणक. त्या म्हणाल्या, ‘भाऊ, यावर घर चालायचंय. जरा बघून द्या.’ माझ्याकडे दोन मदरबोर्ड होते. एक ४२०० रुपयांचा, दुसरा २४०० चा. मी म्हणालो, ‘ताई, बोर्ड सगळे सारखेच. उगाच १८०० रुपये कशाला घालवता?’ मला वाटलं, मी त्यांचं भलंच करतोय.

२००५ च्या एप्रिलमध्ये, ऐन लग्नसराईत, संगणक मधेच बंद पडायला लागला. मी डबा उघडला. प्रोसेसरच्या शेजारी कपॅसिटर म्हणून छोट्या उभ्या नळकांड्या असतात. त्यांची डोकी पुऱ्यांसारखी फुगली होती, एकातून तपकिरी चिकटा बाहेर आला होता. सारखा बंद पडून फायलीही बिघडल्या होत्या. लग्नपत्रिकांचा तयार मजकूर गेला. ताईंनी रात्र रात्र जागून तो पुन्हा टाइप केला, तरी दोन पत्रिका वेळेत गेल्या नाहीत. मुहूर्त काही कुणाच्या संगणकासाठी थांबत नाही. ती दोन्ही गिऱ्हाइकं कायमची तुटली. बोर्ड मी बदलून दिला, पैसे घेतले नाहीत. पण गेलेली पत कुठून बदलून देणार?

तो दोष एकट्या त्या बोर्डाचा नव्हता. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष रसायन भरलेले कपॅसिटर जगभरच्या असंख्य बोर्डांवर बसले होते, आणि नावाजलेल्या कंपन्यांचे संगणकही त्यातून सुटले नाहीत. म्हणजे ४२०० चा बोर्ड टिकलाच असता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ‘सगळे सारखेच’ हे मी न तपासता बोललो होतो, हे मात्र खरं. त्यानंतर मी बोर्ड नीट बघायला शिकलो. आता बहुतेक बोर्डांवर घन प्रकारचे कपॅसिटर असतात आणि तो त्रास जवळजवळ संपला आहे.

मदरबोर्ड नेमकं काय करतो? एक म्हणजे सगळ्या भागांना जोडतो. दुसरं काम कमी लोकांना ठाऊक असतं. तो प्रोसेसरला वीज घडवून देतो. एसएमपीएसमधून १२ व्होल्टची वीज येते, प्रोसेसरला मात्र साधारण सव्वा व्होल्टच लागते. व्होल्ट उतरले की अँपिअर चढतात. ६५ वॉटच्या साध्या प्रोसेसरला ५० हून अधिक अँपिअर लागतात. आपल्या न्हाणीघरातला २००० वॉटचा गीझर जेमतेम ९ अँपिअर ओढतो, यावरून अंदाज करा. हे काम करणारे भाग स्वस्त बोर्डावर कमी आणि उघडे असतात, महाग बोर्डावर जास्त, आणि त्यांच्यावर उष्णता घालवणारे धातूचे ठोकळे असतात. साध्या प्रोसेसरला स्वस्त बोर्ड पुरतो. पण १२५ वॉटचा दांडगा प्रोसेसर त्यावर बसवला, तर विदर्भातल्या मे महिन्यात ते भाग तापतात आणि प्रोसेसर आपोआप मंद होतो. प्रोसेसरचे पैसे दिले, वेग मिळाला नाही, असं होतं.

आता याची दुसरी बाजू. महाग बोर्डाने संगणक वेगवान होतो का? नाही. तोच प्रोसेसर, तीच रॅम, तीच एसएसडी ७००० च्या बोर्डावर लावा की २५००० च्या, पत्र टाइप करताना, हिशेब करताना, मुलांचा अभ्यास चालू असताना फरक जाणवणार नाही. जादा पैशात मिळतं ते वेगळंच: वीज देणारे मजबूत भाग, एसएसडीच्या जादा खाचा, यूएसबीची जादा तोंडं, वायफाय, वेगवान नेटवर्क. आणि हो, रंगीत दिवे. यातलं वापरणार असाल त्याचेच पैसे द्या.

माझा भाचा २०२० मध्ये इंजिनिअरिंगला गेला. म्हणाला, ‘मामा, बोर्ड भारीतलाच घेऊ. पुढे नुसता प्रोसेसर बदलला की झालं, दहा वर्षं बघायला नको.’ मलाही पटलं. साठ हजारांतले २२००० बोर्डालाच गेले. मग रॅम ८ जीबीवर आली, आणि एसएमपीएस कुठला तरी बिननावाचा. पुढच्याच वर्षी, २०२१ च्या अखेरीस, इंटेलने प्रोसेसरची बैठक, म्हणजे सॉकेट, बदलली. नवा प्रोसेसर त्या भारी बोर्डावर बसेना. मग एका पावसाळ्यात तो एसएमपीएस जळाला आणि जाताना बोर्डालाही घेऊन गेला. भाच्याने मला बोल लावला नाही. पण ज्या मामाने एकदा स्वस्ताईत चूक केली, त्यानेच दुसऱ्यांदा महागाईत केली, एवढं मला कळलं.

उलट उदाहरणही आहे. एएमडीची एएम-४ ही बैठक २०१६ साली आली. २०१७ साली घेतलेल्या कित्येक साध्या बोर्डांवर, बायोस अद्ययावत केल्यानंतर, २०२२ सालचा प्रोसेसरही बसला. तेव्हा बोर्ड किती वर्षं उपयोगी पडेल, हे त्याच्या किमतीवर नसतं, कंपनी ती बैठक किती वर्षं चालवते यावर असतं. २०२२ मध्ये आलेली एएम-५ बैठक २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवू, असं एएमडीने जाहीर केलं आहे. घेताना हे जरूर विचारा.

मग पैसे किती घालावेत? आज साधा बोर्ड साधारण ५ ते ७ हजारांना, मधला ९ ते १५ हजारांना मिळतो. भारीतले पंचवीस हजारांपासून पन्नासाच्याही पुढे जातात. मी गिऱ्हाइकाला सोपा आडाखा सांगतो. आधी काम ठरवा, कामावरून प्रोसेसर, आणि मग बोर्ड. बोर्डाची किंमत प्रोसेसरच्या निम्म्याहून कमी भरली तर दोनदा विचार करा. प्रोसेसरच्या वर जायला लागली, तर हात आखडा. घरच्या आणि कार्यालयाच्या कामाला साधा बोर्ड पुष्कळ झाला. व्हिडिओ संकलन, मोठी चित्रं, खेळ किंवा ज्यावर पोट आहे असं रोजचं दहा-बारा तासांचं काम असेल, तर मधला घ्या. भारीतला बोर्ड कुणी घ्यावा? ज्याला त्यातली प्रत्येक सोय कशासाठी हवी, ते सांगता येतं त्याने.

आणखी चार गोष्टी. रॅमच्या खाचा दोन आहेत की चार, ते पाहा. दोनच असतील आणि दोन्ही भरलेल्या असतील तर पुढे रॅम वाढवताना आधीची काढून टाकावी लागते, आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव कसे भडकले ते आपण पाहिलंच. घरात डीडीआर-४ रॅम पडून असेल, तर ती डीडीआर-५ च्या बोर्डावर बसत नाही, हेही लक्षात असू द्या. जुना बोर्ड घेताना जपून. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ती आहे का, ते विचारा. आणि पक्कं बिल घ्या. नव्या बोर्डांवर बहुधा तीन वर्षांची हमी असते, पण बिल नसेल तर ती कागदावरच राहते.

बोर्डावर वाचलेले पैसे खिशात ठेवू नका, चांगल्या एसएमपीएसला द्या. आणि घरातलं अर्थिंग एकदा तपासून घ्या. त्यावाचून ५०००० चा बोर्डही सुरक्षित नाही.

त्या ताई आजही काम करतात. आता त्यांची लेक त्यांच्या हाताशी आहे. मागे नवा संगणक घ्यायला दोघी आल्या. मी कागदावर दोन बोर्डांचे भाव लिहिले आणि फरक कशाचा आहे, ते समोर बसवून समजावलं. लेकीने मधला निवडला. ताई हसून म्हणाल्या, ‘भाऊ, या वेळी सगळे सारखे नाहीत वाटतं?’

मी म्हणालो, ‘नव्हतेच ताई. तेव्हा मला माहीत नव्हतं.’