शाळेतील राउटर : पहिली जोडणी आणि कार्यभार



पोलादपुराहून महाबळेश्वराकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटाच्या कुशीतील एखादी दोनशिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणावी. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून हा रस्ता बंद पडला होता. अशा दिवसांत केवळ माहिती भरण्यासाठी तालुक्याच्या गावी जाणे म्हणजे काय, हे पोलादपूर-महाडकडील शिक्षकांस सांगावयास नको. तेथे शाळेतच इंटरनेट येणे ही मोठी सोय होय. परंतु जोडणी करणारा कारागीर घाईत असतो. दिवा हिरवा लागला की सही घेऊन तो परततो. त्यानंतरचा अर्धा तास शिक्षकाचा असतो आणि तोच बहुधा वाया जातो.

राउटरचे काम गावच्या पोस्टमनसारखे आहे. शाळेतील कोणत्या यंत्राने काय मागविले याची तो नोंद ठेवतो आणि आलेले उत्तर त्याच यंत्राकडे पोचवितो. या पेटीला दोन कुलुपे असतात. एक वाय-फायचे, ते सर्वांना ठाऊक असते. दुसरे खुद्द पेटीच्या व्यवस्थेचे. त्याचा अनेकांस पत्ताच नसतो. पुष्कळ जुन्या व स्वस्त यंत्रांत या दुसऱ्या कुलपाचा पासवर्ड कारखान्यातून सर्वांना एकच दिलेला असतो. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या उपद्रवी प्रणालीने अशा साठाहून अधिक ठरावीक जोड्या एकामागून एक वापरून पाहिल्या आणि जगभरातील लक्षावधी कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. मालकांस त्याची वार्ताही नव्हती. शाळेच्या पेटीतून तर मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक जातात. आत शिरलेला मनुष्य पत्ता शोधून देणारी व्यवस्था बदलून शिक्षकास हुबेहूब खोट्या पानावर नेऊन सोडू शकतो, आणि तेथे भरलेला पासवर्ड थेट त्याच्या हाती पडतो.

यास्तव प्रथम हे दुसरे कुलूप बदलावे. संगणक आखूड तारेने राउटरला जोडावा, आणि पेटीच्या मागील चिठ्ठीवरील पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, ब्राउझरमध्ये लिहावा. हे पान पेटीच्याच पोटात असते. त्यासाठी बाहेरचे इंटरनेट लागत नाही. व्यवस्थेचा पासवर्ड बदलल्यावर वाय-फायचे नाव व पासवर्ड ठरवावा, आणि सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडावा. गावाचे नाव किंवा शाळेचा यू-डायस क्रमांक हा काही पासवर्ड नव्हे. बाहेरून पेटी चालविण्याची सोय असल्यास ती बंद करावी. मग इंटरनेट सुरू झाल्यावर पेटीची अंतर्गत प्रणाली अद्ययावत करून घ्यावी.

सायंकाळी शाळेच्या पायरीवर गावातील तरुण मोबाइल घेऊन बसणारच. त्यांना हाकलण्यापेक्षा, राउटरमध्ये सोय असल्यास, पाहुण्यांसाठी निराळे जाळे उघडून द्यावे. त्यावरून शाळेचा संगणक दिसत नाही.

चोरीच्या भीतीने राउटर लोखंडी कपाटात ठेवला जातो. पत्र्यातून लहरी जवळजवळ जात नाहीत, तेव्हा तो उंच फळीवर ठेवावा. जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडील वर्गासाठी ५ गिगाहर्ट्झपेक्षा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा उपयोगी पडतो; त्याचा वेग कमी, पण पोच अधिक. वळवाचे ढग गडगडू लागण्यापूर्वी प्लग काढावा. काचतंतूतून वीज येत नसली तरी विजेच्या तारेतून ती येते.

आता बदलीचा प्रश्न. बदली होऊन जाणारा शिक्षक कपाटाच्या किल्ल्या मोजून देतो. पासवर्ड मात्र त्याच्या डोक्यातच दुसऱ्या तालुक्यात जातो. मग नवा शिक्षक पेटीच्या मागील बारीक छिद्रात टाचणी दहा-पंधरा सेकंद दाबून धरतो. त्यासरशी सारे कारखान्यातल्यासारखे होते. जुना पासवर्ड परत येतो, आणि पुष्कळदा इंटरनेट देणाऱ्या कंपनीने भरलेला तपशीलही पुसला जातो. ऐन पावसाळ्यात कारागीर पुन्हा घाट चढून येईपर्यंत शाळा बंद पेटीकडे पाहत बसते. म्हणून दोन्ही पासवर्ड व कंपनीचा तपशील एका कागदावर लिहून, पाकीट बंद करून कुलुपात ठेवावे, आणि कार्यभार-यादीत किल्ल्यांच्या खालच्या ओळीत ‘राउटरचे पाकीट, १’ अशी नोंद करावी. रुजू झालेल्या शिक्षकाने ते उघडून पेटीत प्रवेश होतो याची खात्री करावी, त्याच दिवशी दोन्ही पासवर्ड बदलावे आणि नवे पाकीट करून जुने फाडून टाकावे.