विकावयाचे घर आणि त्याचे छायाचित्र

घर पाहावे बांधून, असे मराठीत पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जाते. घर पाहावे विकून, असे मात्र कोणी म्हटलेले नाही. घर विकणे ही पूर्वी अभिमानाने सांगावयाची गोष्ट नव्हती. ज्याच्यावर ती पाळी येई तो ती फारशी वाच्यता न करता उरकून टाकीत असे. वर्तमानपत्रात ‘विकणे आहे’ या मथळ्याखाली दोन-तीन ओळी येत. शब्दागणिक पैसे मोजावे लागत, म्हणून ‘हवेशीर’, ‘मोक्याची जागा’, ‘मुबलक पाणी’ एवढ्या तीन विशेषणांवर सारे भागवावे लागे. गिऱ्हाईक चालत येई, भिंतीवर बोटाची पेरे आपटून पाही, विहिरीत डोकावे, शेजाऱ्याला हळूच चार गोष्टी विचारी, आणि मग भावाची भाषा निघे. या साऱ्या व्यवहारात छायाचित्राला कोठेच स्थान नव्हते.

बेंगळूरु शहरात हा क्रम पार उलटला आहे. तेथे गिऱ्हाईक प्रथम चित्र पाहते आणि घर सर्वांत शेवटी. घरांच्या खरेदी-विक्रीची काही नामांकित संकेतस्थळे याच शहरात जन्मली: २००७ साली ‘कॉमनफ्लोर’, २०१४ साली ‘नोब्रोकर’. या दुसऱ्या नावातच दलाल नको असे म्हटले आहे. दलाल गेला, पण त्याचे काम गेले नाही. घराची स्तुती करणे, उणिवांवरून अलगद पुढे नेणे, गिऱ्हाइकाच्या मनात घर उभे करणे हे जे तो तोंडाने करी, ते आता मालकाने काढलेल्या दहा-बारा छायाचित्रांना करावे लागते. आणि मालक हा बहुधा छायाचित्रकार नसतो. घाईघाईने, रात्री ट्यूबलाइटच्या उजेडात, पलंगावरच्या धुतलेल्या कपड्यांच्या ढिगासकट तो चित्रे काढतो, आणि महिनाभर कोणी फिरकत नाही म्हणून भाव उतरवावयास लागतो.

पहिल्या चित्राचे महत्त्व किती, याचा अभ्यासही झाला आहे. अमेरिकेतील ओल्ड डोमिनियन विद्यापीठाचे मायकेल सायलर व त्यांचे सहकारी यांनी संगणकाच्या पडद्यावर घरे पाहणाऱ्या माणसांच्या नजरेचा माग यंत्राने घेतला आणि त्याचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध केले. पाहणाराची दृष्टी प्रथम घराच्या बाहेरील चित्राकडे जाते. भाव, क्षेत्रफळ, वर्णन ही मागाहून येतात. मराठी माणसाला हे कळण्यासाठी यंत्राची गरज नव्हती. स्थळ सांगून येताना पत्रिकेबरोबर येणारे छायाचित्र ज्या घरात हातोहात फिरले आहे, त्या घरातील आत्याबाईदेखील हाच निष्कर्ष सांगू शकल्या असत्या.

समजा, मल्लेश्वरम्‌मध्ये एक जुने घर आहे. मल्लेश्वरम्‌ आणि बसवनगुडी या वसाहती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लेगच्या दिवसांत वसल्या. तेथल्या जुन्या बंगल्यांच्या खिडक्यांवर टोकदार लाकडी छपरी असते. तिला गावात ‘मंकी टॉप’ म्हणतात. आत रेड ऑक्साइडची तांबडी जमीन, वर्षानुवर्षांच्या पावलांनी आरशासारखी झालेली. घरात एक वृद्ध मराठी दांपत्य राहते. मुलगा परदेशी स्थायिक झालेला. जिने चढणे-उतरणे होत नाही. घर विकावयाचे ठरले आहे. सुट्टीला आलेला नातू भ्रमणध्वनी सरसावून उभा आहे.

त्याने पहिला प्रश्न विचारावयाचा तो सूर्याचा. बेंगळूरु विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे तेरा अंशांवर आहे. एप्रिलच्या चौथ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तेथे दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो. उरलेले सारे वर्ष तो दक्षिणेस. म्हणजे घराचे तोंड उत्तरेस असेल, तर सप्टेंबरच्या अखेरपासून मार्चपर्यंत त्याच्या दर्शनी भिंतीवर सरळ ऊन पडतच नाही. मागचे आकाश झगझगीत आणि घर काळवंडलेले, असे चित्र निघते. अशा घराचे चित्र ढगाळ दिवशी काढावे, किंवा सूर्योदयानंतर लगेच, आकाशाचा प्रकाश मऊ असताना. पूर्वाभिमुख घर सकाळी आणि पश्चिमाभिमुख घर उन्हे कलल्यावर, हे तर सांगावयास नको. वळिवाची सर रात्री पडून गेली असेल तर दुसऱ्या दिवशीची सकाळ सोडू नये; धुतलेली पाने आणि ओली फरसबंदी जी शोभा आणतात ती पैसे देऊन मिळत नाही. अंगणापुढे गुलाबी टॅबेबुइया फुललेला असेल तर पाहावयासच नको, मात्र तो वर्षातून थोडेच दिवस फुलतो हे विकत घेणारालाही ठाऊक असते.

आत गेल्यावर पहिला मोह होतो तो खोली मोठी दाखविण्याचा. हल्लीच्या भ्रमणध्वनीत अतिविशाल कोनाचे भिंग असते. त्याने दहा फुटांची खोली दिवाणखान्यासारखी दिसते. पण कडेचा पलंग ताणल्यासारखा लांब होतो, दारे तिरकी होतात, आणि चाणाक्ष पाहणारा ओळखतो. खरोखर पाहता अशा चित्राने विक्रेत्याचेच नुकसान होते. चित्रात मैदान पाहून आलेला माणूस दारात पाऊल ठेवताच ‘अरे, एवढीच?’ म्हणतो, आणि तेथून पुढे त्याला तांबडी जमीनही दिसत नाही, खिडकीवरची नक्षीही नाही. साधे भिंग वापरावे, दाराच्या कोपऱ्यात उभे राहावे, यंत्र छातीच्या उंचीवर सरळ धरावे म्हणजे भिंती कोसळल्यासारख्या दिसत नाहीत. चित्रात एखादे दार पुरतेपणी येऊ द्यावे. दाराची उंची सर्वांच्या अंदाजातली असते. तिच्यावरून पाहणारा बाकीचे माप स्वतः काढतो. खिडक्या उघड्या, दिवे बंद, हा साधा नियम. दिवसाचा प्रकाश आणि दिव्याचा प्रकाश एकत्र झाला की भिंतींना कावीळ झाल्यासारखा रंग येतो.

“आजी, ते कपाट थोडं आत सरकवू का? आणि हे बरण्यांचं फळीवरचं सगळं काढू?” असे नातू विचारील, आणि आजी म्हणतील, “काढ बापा, पण तांबड्या जमिनीवर सतरंजी घाल, जुनाट दिसते ती.” येथे नातवाने आज्ञाभंग करावा. ज्या तांबड्या जमिनीची मालकाला लाज वाटते, तिच्यासाठीच एखादे कुटुंब अर्धे शहर ओलांडून येते.

खरी अडचण पुढे आहे. पूर्वेकडच्या खोलीत, खिडकीच्या खाली, हातभर ओल आहे. दर पावसाळ्यात ती वाढते, उन्हाळ्यात पोपडे सोडून आखडते. रंग मारून चित्र काढावे काय? का त्या भिंतीकडे पाठ करून तीन बाजूंची खोली दाखवावी? की कपाटच तेथे सरकवावे?

या तीन मार्गांत कायद्याच्या दृष्टीने पुष्कळ अंतर आहे. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्याचे पंचावन्नावे कलम विक्रेत्यावर असे बंधन घालते की, मालमत्तेतील जो महत्त्वाचा दोष त्याला ठाऊक आहे, गिऱ्हाइकाला ठाऊक नाही, आणि साधारण काळजी घेऊनही गिऱ्हाइकाच्या ध्यानी येण्याजोगा नाही, तो त्याने उघड केला पाहिजे. उघड्या भिंतीवरची ओल कोणाही डोळस माणसाला दिसते. तिचे चित्र दिले नाही म्हणून कोणी कायदा मोडला असे होत नाही. पण तीच ओल रंगाखाली बुजवली की ती साधारण काळजीने दिसेनाशी होते, आणि जाणूनबुजून एखादी गोष्ट झाकून ठेवण्याला १८७२ च्या करार कायद्याचे सतरावे कलम कपटाच्या व्याख्येत बसविते. कपाट सरकविण्याचे काय, हा प्रश्न वकिलाला आवडेल असा आहे. पाहणीच्या दिवशी ते हलवून दाखविले तर फारसे बिघडत नाही. ‘जड आहे हो, राहू द्या’ म्हटले की बिघडते.

वकिलाला न विचारता सुटणारा एक मार्गही आहे. बारा चित्रांतील अकरावे चित्र त्या ओलीचे द्यावे, आणि खाली दुरुस्तीला काय लागेल ते लिहावे. हे भाबडेपणाचे वाटेल. परंतु अपरिचित मनुष्याची चित्रे पाहणारा सारा वेळ एकच गोष्ट शोधीत असतो: हा काय लपवीत आहे? ते त्याला आपण होऊन दाखविले की उरलेल्या अकरा चित्रांकडे तो निराळ्या नजरेने पाहतो. शिवाय भाव ठरविताना ओलीचा शोध ‘लागल्याचा’ आव आणून पाच लाख उतरवून मागण्याची त्याची सोयही जाते.

बेंगळूरुत तर घेणाराने चित्रावर विसंबण्याचे धोके विशेष आहेत. नळाचे चित्र काढता येते, नळाला येणाऱ्या पाण्याचे नाही. २०२४ च्या मार्च महिन्यात शहरातील असंख्य कूपनलिका कोरड्या पडल्या, आणि उत्तम स्वयंपाकघरांच्या घरांपुढे टँकरच्या रांगा लागल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात कावेरीच्या पाणीयोजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. तरी घराला कावेरीची जोडणी आहे की केवळ कूपनलिका, हे चित्राला विचारून कळत नाही. ‘तळ्याचे दर्शन’ म्हणून निळ्या पाण्याचे चित्र असते. बेळ्ळंदूरच्या तळ्यावर एके काळी फेसाचे डोंगर येत आणि २०१७ साली तर त्या तळ्यातून धूर निघाला. चित्राला वास नसतो. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच बाजूच्या महागड्या वसाहतींत पुराचे पाणी शिरले आणि लोकांना ट्रॅक्टरवरून बाहेर काढावे लागले. त्या घरांची हिरवळीची चित्रे त्याच्या आदल्या महिन्यापर्यंत खरीच होती. खात्याचा उतारा ‘अ’ आहे की ‘ब’, हे तर कोणत्याच भिंगाला टिपता येत नाही.

नव्या इमारतींची गोष्ट निराळी. तेथे घरच नसते, तर त्याचे चित्र कोठून येणार? संगणकाने रंगविलेले आकाश, पोहण्याचा तलाव आणि हसरे कुटुंब छापतात. स्थावर संपदा नियमनाचा २०१६ चा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला आणि त्या वर्षी कर्नाटकाने आपले नियम केले. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे जाहिरातीतील वा नमुन्याच्या घरातील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाराचे नुकसान झाले, तर विकासकाने ते भरून द्यावे. आणि घेणाराला बाहेर पडावयाचे असेल तर सारी रक्कम व्याजासह परत करावी. हे कलम विकासकासाठी आहे. मल्लेश्वरम्‌च्या आजोबांना ते लागू नाही. परंतु आजोबांच्या नातवालाही आता रिकाम्या खोलीत सोफा, निळे आकाश आणि कोरी भिंत क्षणात घालून देणारी साधने मिळाली आहेत. कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२६ पासून, घराच्या जाहिरातीतील चित्रात असा बदल केला असेल तर दलालाने तसे सांगावे आणि मूळ चित्रही पाहावयास ठेवावे, असे बंधन घातले आहे. नातवाने कायद्याची वाट न पाहता तेवढे केले तरी पुरे.

एक गोष्ट मात्र विक्रेत्याच्याच हिताची, आणि तीच बहुधा विसरली जाते. संकेतस्थळावरील चित्र गिऱ्हाइकाबरोबर चोरही पाहतो. तिजोरीचे कपाट, औषधांची ओळ, नातवंडांच्या तसबिरी, दाराची कडी ही चित्रात असू नयेत. शिवाय चित्र कोठे काढले याची नोंद भ्रमणध्वनी त्या चित्रातच करून ठेवू शकतो. पाठविण्यापूर्वी ती पुसून टाकावी. घरात भाडेकरू असेल तर त्याच्या संसाराचे चित्र त्याला विचारल्याखेरीज काढू नये.

मल्लेश्वरम्‌च्या त्या घराला गिऱ्हाईक येईल यात शंका नाही. पण बहुधा ते बारा चित्रांपैकी एकच मोठे करून पाहील: पुढच्या रस्त्याचे. रस्ता किती फूट रुंद आहे, यावर तेथे किती मजले चढविता येतील ते ठरते, आणि भाव त्याचाच मिळतो. मंकी टॉपचा नाही. सूर्य पाहून काढलेली, कपाट सरकवून, सतरंजी गुंडाळून काढलेली उरलेली अकरा चित्रे व्यवहाराच्या दृष्टीने वाया गेली असे म्हणावे लागेल.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खरेदीखत होते त्या दिवशी पुन्हा छायाचित्रे लागतात. नोंदणी कायद्याच्या ३२-अ या कलमाप्रमाणे, २००१ च्या दुरुस्तीपासून, विकणाराचे आणि घेणाराचे पासपोर्टच्या आकाराचे छायाचित्र व बोटांचे ठसे खतावर लावावे लागतात. खतात घराची ओळख राहते ती शब्दांत: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचे घर, दक्षिणेस तमक्याची जागा, उत्तरेस गल्ली. बाकी खिडकीवरची छपरी, तांबडी जमीन, आणि पूर्वेच्या खोलीतली ती हातभर ओलसुद्धा, नातवाच्या भ्रमणध्वनीत तेवढी राहतात. आजी ती चित्रे त्याच्याकडून मोठी छापून मागवितात, ओलीचेही एक.