सवडीची इंग्रजी शिकवणी

(वसई तालुक्यातील केंद्र शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



इंग्रजीविषयी चार शब्द बोलावेत असे मला सांगण्यात आले, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी इंग्रजीचा पंडित नव्हे. माझे सारे शिक्षण मराठी शाळेत झाले. इंग्रजी वाचता येणे आणि इंग्रजी बोलता येणे यांत किती अंतर असते, ते मला पुष्कळ उशिरा कळले. परंतु आपल्यापैकी बहुतेकांचा अनुभव हाच असल्यामुळे, घरातली गोष्ट घरच्या माणसांपुढे मांडावी तशी ती मांडतो.

एके काळी मुंबई राज्यात इंग्रजी आठव्या इयत्तेपासून शिकवीत. पुढे महाराष्ट्रात ते पाचवीवर आले आणि जून २००० पासून मराठी शाळांच्या पहिलीच्या वर्गात गेले. विषय झपाट्याने खाली उतरला. शिक्षकाची तयारी मात्र त्याच गतीने वर चढली नाही. धडा आपण नेटका शिकवतो, शब्दार्थ फळ्यावर लिहितो, कविता तालासुरात म्हणवून घेतो. पण वर्गात कोणी पाहुणा आला आणि त्याने इंग्रजीत दोन वाक्ये विचारली, म्हणजे आपली जीभ अडखळते. पालकांस हे कळत नाही असे समजू नये. इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी गाडी गावच्या नाक्यावर येऊ लागते, आणि जून महिन्यात दोन सख्खी भावंडे आपल्या पटावरून नाहीशी होतात. दाखला नेताना पालक नजर चुकवतात, आणि खरे सांगावयाचे तर आपणही चुकवतो.

अशा वेळी मोबाईलवरील इंग्रजी शिकवणीचा विषय आपल्यापुढे येतो. घरबसल्या, आपल्या सवडीच्या वेळी, पडद्यावर समोर शिक्षक बसलेला. आणि प्रवास, मुलाखत, दुकान, दवाखाना अशा एकेका प्रसंगाभोवती गुंफलेली पाठमाला. पुष्कळांस ही गोष्ट अगदी नवी वाटते. माझ्या मते ती तितकी नवी नाही, आणि तिची मुळे शोधावयाची तर फार दूर जाण्याचेही कारण नाही.

तर्खड हे आपल्याच तालुक्यातील गाव. त्या गावाचे नाव लावणाऱ्या द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आपल्यापैकी वडीलधाऱ्यांच्या घरी फडताळात असेल. शाळेपासून दूर असलेल्या, नोकरीत गुंतलेल्या कितीतरी मराठी माणसांनी रात्री दिव्याखाली बसून त्या पुस्तकावरून इंग्रजी साधले. रोज एक पाठ, थोडे शब्द, थोडी वाक्ये. आपल्या गतीने पुढे जावे, अडले तर मागे यावे. सवडीची शिकवणी म्हणतात ती हीच. तिच्यात एकच उणीव होती : पुस्तक उलट प्रश्न विचारीत नसे. त्यामुळे शुद्ध लिहिणारी आणि मुक्याने वावरणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ झाली.

ती उणीव कशी भरून निघते, याचे उदाहरणही तर्खडकर आडनावाच्याच घरात सापडते. १८७८ साली रवींद्रनाथ ठाकूर विलायतेस जाण्यापूर्वी मुंबईस डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी राहिले. वय सतरा वर्षांचे. इंग्रजी वाचलेले, पण बोलण्याचा सराव नाही. डॉक्टरांची कन्या अन्नपूर्णा विलायतेहून परतली होती. तिच्याशी रोज बोलून त्यांनी इंग्रजी बोलण्याचा सराव करावा, अशी ती योजना होती. पुढे जगभर कीर्ती पावलेल्या कवीलासुद्धा पुस्तकानंतर एका बोलणाऱ्या माणसाची गरज लागली, तेव्हा तुम्हां-आम्हांस ती लागल्यास त्यात कमीपणा कसला? आजची ऑनलाइन शिकवणी चांगली असेल तर ती तर्खडकरांची पाठमाला आणि अन्नपूर्णाबाईंचे संभाषण यांचा संयोग असते. चांगली नसेल तर ती केवळ चित्रे हलणारे पुस्तक असते.

आता माझा अनुभव सांगतो. मी अशी शिकवणी काही महिने घेतली. पहिले पाठ विमानतळ आणि हॉटेल यांवर होते. विमानतळावर मी कोणास काय विचारणार? वाक्ये पाठ केली आणि आठ दिवसांत विसरलो. एके रात्री मी शिक्षिकेस, मोडक्यातोडक्या भाषेत का होईना, म्हटले की आपण माझ्या गावच्या बाजारावर बोलू. ती दूरदेशीची बाई; तिने विचारले, बाजारात काय असते? मी केळी सांगितली, मग सुकेळी सांगू लागलो, आणि अडलो. सुकेळीला तिच्या भाषेत शब्दच नाही. तेव्हा राजेळी केळे पिकले म्हणजे सोलतात, उन्हात वाळवतात, गुंडाळतात आणि विकतात, हे सारे सांगणे भाग पडले. पील, ड्राय, रॅप, सेल, ही चार क्रियापदे त्या रात्री मला आली ती कायमची. बोंबलाची गोष्ट तर याहून मौजेची. इंग्रजीत त्याला 'बॉम्बे डक' म्हणतात असे मी सांगताच ती म्हणाली, मग हा पक्षी उडतो का? तो मासा आहे आणि आमच्या किनाऱ्यावर काठ्यांवर वाळत घालतात, हे समजावताना माझी वीस मिनिटे गेली. त्या वीस मिनिटांत मी जितके इंग्रजी बोललो, तितके त्याआधीच्या वीस वर्षांत बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी तीच चार क्रियापदे वर्गात नेली. 'मी केळी विकतो' या वाक्यात क्रियापद शेवटी असते, म्हणून मुले 'आय बनानाज सेल' म्हणतात. केळी हातात घेऊन खरेदी-विक्रीचा खेळ मांडला, तेव्हा 'आय सेल बनानाज' हा क्रम व्याकरण न सांगता बसला. एक मुलगी म्हणाली, माझी आजी वाळवते. मग 'माय ग्रँडमदर ड्राइज' आले, आणि आजी आली की क्रियापदाला शेपूट फुटते हे मुलांनी हसत हसत ध्यानात ठेवले. आपल्या वर्गात कोणी घरी कादोडी बोलते, कोणी वाडवळी, कोणी वारली, तर कोणी हिंदी. शाळेच्या दारात ही मुले रोज भाषा बदलतात. नव्या भाषेचे भय मुलांस फारसे नाही. ते आपणांस आहे.

म्हणून माझे सांगणे असे की, ही शिकवणी आधी शिक्षकाने घ्यावी, आणि विषय शिक्षकाने स्वतः द्यावा. तयार पाठमालेतील विषय परक्या शहरातील असतात. आपल्या मुलांचे विषय मासळी, फुले, भात, लोकलचा प्रवास, वीटभट्टी हे आहेत. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. तेथे सवड मुलांची पाहिली जाई, शाळेची नव्हे. इंग्रजीचा पाठही असाच मुलांच्या कुरणात न्यावयास हवा.

सवड या शब्दाचा एक धोका मात्र आहे. जे केव्हाही करता येते ते बहुधा कधीच होत नाही. वेळ ठरवा, रात्री नऊ म्हणजे नऊ. पहिला पाठ विनामूल्य असेल तर तेवढ्यात एवढेच पाहा की अधिक कोण बोलले. शिक्षकच बोलत राहिला असेल तर तो कितीही विद्वान असो, त्यास रामराम करा. वर्षाचे शुल्क एकदम भरू नका. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यानंतर अनेक घरी विक्रेत्यांचे दूरध्वनी आले, आणि काही पालकांनी मुलांच्या शिकवणीसाठी कर्जाचे हप्ते मागे लावून घेतले. असे पालक तुमच्याकडे सल्ल्यास आले तर त्यांना स्पष्ट सांगा की, ज्या कागदावर कर्जाचा उल्लेख आहे त्यावर सही करू नये.

पैसे न खर्चताही पुष्कळ होते. २०१७ पासून दीक्षा आहेच. बीबीसी १९४३ पासून रेडिओवरून इंग्रजी शिकवीत आली. तिचे 'सिक्स मिनिट इंग्लिश' हे एकेका विषयावरील छोटे संभाषण आज मोबाईलवर फुकट ऐकता येते. ते ऐकून चार शिक्षकांनी आपसांत फोनवर पंधरा मिनिटे त्याच विषयावर इंग्रजीत बोलावे. चुका होतील, चौघांच्याही होतील, म्हणून कोणी हसणार नाही. पूर्वेकडील पाड्यांवर फोनला रेंज मिळत नसेल तर तेथील गुरुजींनी ते घरून उतरवून न्यावे.

पुढील परिषदेसाठी विषय वाटून घेऊ. अर्नाळ्याकडील शाळांनी मासळी घ्यावी, आगाशी-निर्मळकडील शाळांनी केळी आणि फुले, पारोळ-भाताण्याकडील शाळांनी भात आणि वीटभट्टी. प्रत्येकी वीस शब्द आणि दहा वाक्ये, मुलांच्या तोंडून आलेली. शुद्धाशुद्ध आपण येथे बसून पाहू. वाचून दाखवू नयेत, बोलून दाखवावीत. आणि पहिली पाळी माझी लावावी.