आधी माहेर विचारा

श्रोतेहो, फुलपाखरं कशी ओळखायची, यावर बोलायला मला इथं बसवलं आहे. माझ्याजवळ सांगण्यासारखी गोष्ट एकच, तेव्हा तीच दोन-तीनदा ऐकायची तयारी ठेवा. पंख नंतर बघा, आधी झाड बघा.

गावात नवी सून आली की बायका काय विचारतात? माहेर कुठलं? अंबडची का घनसावंगीची? ते कळलं की निम्मी ओळख झाली. फुलपाखराचंही तसंच. मध प्यायला ते कुठल्याही फुलावर जाईल, तो पाहुणचार. बाळंतपण मात्र माहेरीच. अळीला जे पान चालतं, त्याच पानावर अंडी.

रस्त्याकडेची रुई घ्या. तिच्याभोवती रेंगाळणारं नारिंगी, पंखांची टोकं काळी-पांढरी, ते बिबळ्या कडवा. अळीपणी रुई खाल्लेली, म्हणून अंग कडू. पक्षी एकदा चोच लावतो, पुन्हा वाटेला जात नाही. आता थेट तसंच नारिंगी फुलपाखरू वाफ्यातल्या घोळीवर उतरताना दिसेल. हो, आपण भाजी करतो तीच घोळ. ती छोट्या चांदव्याची मादी. कडू वगैरे काही नाही, नुसतं कडव्याचं लुगडं नेसून मिरवते! कडव्याच्या मागच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात, हिला ते नसतात. तिचा नर काळा, पंखांवर पांढरे चांद. रंगावरून हे जोडपं आहे असं कोण म्हणेल? म्हणून सांगतो, माहेर विचारा.

आता आपली मोसंबी. पावसाळ्यात बागेला नवती फुटली की काळं-पिवळं, बिनशेपटीचं लिंबू फुलपाखरू येतं आणि कोवळ्या पानावर एकेक अंडं ठेवून जातं. लहान अळी हुबेहूब पाखराची विष्ठा. मोठी झाली की हिरवीगार. डिवचलं तर डोक्यामागून लालसर दुबेळकं काढते आणि असा वास सोडते की हात मागे घ्यावा. कढीपत्त्यावर, बेलावरही ती सापडेल.

शेतकरी बांधवांनो, रागावू नका. रोपवाटिकेत आणि नव्या कलमांवर ही अळी नुकसान करते, मान्य. तिथं हातानं वेचा. पण दहा वर्षांच्या डेरेदार झाडावर चार अळ्या दिसल्या की लगेच पंप पाठीवर? आणि बांधावर तणनाशक कशासाठी? रुई गेली, घोळ गेली, मग लेकी येणार कुठं?

मुलं मला विचारतात, नीलवंत कुठं दिसेल? 2015 साली तो राज्याचं फुलपाखरू झाला, तेव्हापासून सगळ्यांना तोच हवा. त्याचा मुक्काम जास्त करून सह्याद्रीच्या ओल्या रानात. त्याची अळीही लिंबाच्याच कुळावर वाढते, पण... काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली. तरवड आणि टाकळ्यावरची पिवळी फुलपाखरं, कुंडलिकेच्या काठी ओल्या मातीवर बसणारे थवे, सगळंच राहिलं.

एवढं करा. उद्या खुरपं हातात घ्याल तेव्हा घोळीपाशी थोडं बसा, दोन-चार पानं उलटून बघा आणि मग खुरपा.