रक्ताचा कर्करोग : औषधांची आणि प्रतिकारशक्तीची झुंज



मलकापूरच्या कित्येक अंगणांत सदाफुली बारमाही फुललेली दिसते. याच झुडपापासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन हे औषध सहा दशकांपासून रक्ताच्या कर्करोगावर वापरले जात आहे. मात्र ते शुद्ध करून, काटेकोर मापाने शिरेतूनच द्यावे लागते. पानांचा काढा हा उपचार नव्हे. तो विषारी ठरू शकतो.

रक्तपेशी हाडांतील मज्जेत तयार होतात. तेथे अपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढू लागल्या, की निकोप पेशींना जागा उरत नाही. मग रुग्ण फिकट पडतो, अंगावर निळसर डाग उमटतात, हिरड्यांतून रक्त येते आणि ताप हटत नाही. हाच ल्युकेमिया होय.

१९४८ साली बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन देऊन बालरुग्णांमध्ये हा रोग काही काळ मागे हटविला. त्या औषधाच्या निर्मितीमागे भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे संशोधन होते. पेशीविभाजनास आवश्यक अशा फॉलिक आम्लाचे कार्य ते रोखते. व्हिन्क्रिस्टिन विभाजनाची यंत्रणाच मोडते. एका औषधातून निसटलेल्या पेशी दुसऱ्याने माराव्या, म्हणून अनेक औषधे ठराविक क्रमाने दिली जातात. वेगाने वाढणाऱ्या निकोप पेशींनाही त्यांची झळ पोचते. केस गळतात ते यामुळेच.

लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये ल्युकेमियाने निधन झाले. पुढे १९४१ मध्ये मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. १९८३ मध्ये तेथे मज्जारोपण यशस्वी झाले. त्याच संस्थेच्या आणि मुंबईच्या आयआयटीच्या सहकार्याने विकसित झालेल्या 'नेक्सकार १९' या देशी उपचारास २०२३ मध्ये मान्यता मिळाली. यात रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी काढून, 'सीडी १९' ही खूण ओळखण्याची क्षमता त्यांना जनुकाद्वारे दिली जाते. त्यांची संख्या वाढवून त्या पुन्हा शरीरात सोडतात. चोर ओळखता न येणाऱ्या पहारेकऱ्याच्या हाती जणू त्याचे छायाचित्रच पडते! तथापि हा उपचार बी-पेशींच्या विशिष्ट कर्करोगांसाठी, तोही प्रामुख्याने अन्य औषधांना न जुमानणाऱ्या वा उलटलेल्या रोगासाठी आहे. त्यातून तीव्र ताप व जंतुसंसर्ग उद्भवू शकतो. म्हणून तो सुसज्ज रुग्णालयातच करावा लागतो.

बालकांतील ल्युकेमियाचा नेहमीचा उपचार दोन-अडीच वर्षे चालतो. पहिल्या काही आठवड्यांतच मूल हसू-खेळू लागते आणि खरा धोका तेथेच असतो. 'बरे झाले' असे समजून, किंवा पेरणी आणि प्रवासखर्चाच्या ओढाताणीत, उपचार सोडला तर दडलेल्या पेशी पुन्हा डोके वर काढतात. मलकापूरहून मुंबईची गाडी आहे. ती वेळेवर आणि पुन्हा पुन्हा पकडणे महत्त्वाचे.

येथेच गावाचे कर्तव्य सुरू होते. फिकट, सतत तापणारे मूल वर्गात दिसताच शिक्षकांनी पालकांना रक्ततपासणीचा आग्रह धरावा. पंचायत सदस्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती व कागदपत्रे मिळवून द्यावीत. औषध प्रयोगशाळेत तयार होते. त्याची शेवटची मात्रा मुलापर्यंत पोचविण्याचे काम मात्र गावालाच करावयाचे आहे.