चित्रांतील थरथर व तिचे उपाय



लग्नकार्य, मुलाचें पहिलें पाऊल, गणपतीची मिरवणूक, पंढरीची वाट हे सारे प्रसंग मोबाईलनें टिपून ठेवण्याची चाल आतां घरोघरीं रूढ झाली आहे. परंतु हौसेनें टिपलेलें तें चलच्चित्र मागाहून पाहूं लागलें म्हणजे पुष्कळदां मंडप डोलतांना दिसतो, माणसें उसळतांना दिसतात, आणि पांच मिनिटांत पाहणाराचें डोकें दुखूं लागतें. प्रसंग तर पुन्हां घडून येत नाहीं. आजोबांचें बोलतें-चालतें चित्र घरांत एकच असेल, आणि नेमकें तेंच थरथरत असेल, तर तें सावरतां येईल काय, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाहीं. त्याचें उत्तर ‘येईल, पण फुकट नाहीं,’ असें आहे. ही थरथर तीन ठिकाणीं अडवितां येते: प्रथम हातांत, मग भिंगापाशीं, आणि शेवटीं गणितानें. उपाय जितका उशिरां करावा, तितकी त्याची किंमत चित्राला आपल्या पदरची द्यावी लागते. हें कसें, तेंच आज थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

चालतांना किंवा पळतांनासुद्धां आपणांस जग स्थिर दिसतें. मग कॅमेऱ्यालाच तें हलतांना कां दिसावें? माझें बोलणें ऐकतां ऐकतां एक लहानसा प्रयोग करून पहा. वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरून डावीकडे-उजवीकडे भराभर हलवा आणि वाचण्याचा प्रयत्न करा. अक्षरें पुसट होतील. आतां वर्तमानपत्र स्थिर धरून तितक्याच वेगानें मान हलवा. अक्षरें बहुतेक पूर्वीसारखींच वाचतां येतील. याचें कारण डोळ्यांत नसून कानांत आहे. कानाच्या अगदीं आंतल्या भागांत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकें कोणत्या दिशेनें व किती वेगानें वळलें ही वार्ता तेथून निघते, आणि सेकंदाच्या सुमारें शंभराव्या भागांत डोळे तितकेच उलट दिशेला वळतात. हा व्यवहार आपणांस न विचारतां जन्मभर चालू असतो. कॅमेऱ्याला असा कान नव्हता. चित्र स्थिर करण्यासाठीं आजवर जे शोध लागले, त्यांतील बरेचसे कॅमेऱ्याला हा कान देण्याचेच प्रयत्न होत.

थरथरीचें मूळही पाहूं. निरोगी माणसाचा हातसुद्धां सेकंदास आठ ते बारा वेळां सूक्ष्मपणें कांपत असतो. चालणाराचीं पावलें सेकंदास सुमारें दोन पडतात, आणि प्रत्येक पावलाबरोबर सारें शरीर वरखालीं होतें. यांपैकीं कॅमेरा सरकण्यानें होणारी हानि लहान आणि कॅमेरा वळण्यानें होणारी मोठी. दूरच्या देवळाचें चित्र घेतांना कॅमेरा बोटभर बाजूस सरकला तरी देऊळ जवळजवळ जागचें हलत नाहीं. पण तोच कॅमेरा एक अंशानें वळला कीं सारें दृश्य एकदम ढळतें. समजा, चित्राची रुंदी १९२० पिक्सेल आहे आणि भिंगाच्या टप्प्यांत ७० अंशांचें दृश्य मावतें. अशा वेळीं एक अंशाच्या वळण्यानें चित्र सुमारें २७ पिक्सेल सरकेल. दूरचें जवळ आणून दाखविणारें भिंग लावून तोच टप्पा ७ अंशांवर आणला, तर तितक्याच वळण्यानें चित्र सुमारें २७४ पिक्सेल सरकेल. दूरची वस्तु मोठी करून घेतली कीं हाताचा दोषही तितकाच मोठा होतो, तो असा.

आतां पहिला उपाय, हातांतला. ल्यूमिएर बंधूंच्या ज्या यंत्राचे खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं झाले, तें यंत्र हातानें दांडा फिरवून चालवावें लागे, सेकंदास सुमारें दोन फेरे. दांडा फिरविणारा हातच यंत्राला हिसके देणार. म्हणून त्या काळीं तिपाईवांचून गत्यंतर नव्हतें. तिपाई हा आजही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय आहे. तिचा दोष एवढाच कीं ती चालूं शकत नाहीं. चालत्या माणसाबरोबर चित्र न्यावयाचें तर रूळ टाकून त्यांवरून गाडी ढकलावी लागे. आणि जिन्यावर रूळ टाकतां येत नाहींत.

ही अडचण फिलाडेल्फिया येथील गॅरेट ब्राउन या गृहस्थांनीं १९७० नंतरच्या चार-पांच वर्षांत सोडविली. त्यांच्या यंत्राचें नांव स्टेडीकॅम. त्यांतील तत्त्व आपल्याकडील डोंबारी जाणतो. दोरावर चालतांना तो हातांत लांब आडवी काठी धरतो. वजन दूरवर पसरलेलें असलें म्हणजे तें झटकन फिरत नाहीं, आणि तोल सावरावयास अवधि मिळतो. ब्राउन यांनीं एका खांबाच्या वरच्या टोंकाला कॅमेरा, खालच्या टोंकाला बॅटरी व पाहण्याचा पडदा अशी वजनाची फांकणी केली. जेथें त्या साऱ्याचा तोल साधतो तेथेंच सर्व दिशांना फिरणारा सांधा बसविला. आणि तो सांधा स्प्रिंगांच्या हातानें माणसाच्या अंगांतील कवचाला जोडला. पावलांचे धक्के स्प्रिंगांत विरतात, आणि कवच धारण करणाराचें वळणें सांध्यांत विरतें. फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्यांवर त्यांनीं या युक्तीची चाचणी घेतली होती. १९७६ सालच्या ‘रॉकी’ या बोलपटांत नायक त्याच ७२ पायऱ्या धांवत चढतो, आणि कॅमेरा त्याच्याबरोबर न डळमळतां वर जातो. १९७८ सालीं या शोधाला ऑस्कर पारितोषिक मिळालें. येथें किंमत द्यावी लागते ती माणसाच्या पाठीला, चित्राला नव्हे.

त्याच सांध्याला मोटारी जोडल्या म्हणजे आजचें गिंबल तयार होतें. त्यांतील सूक्ष्म जायरोस्कोप हा कॅमेऱ्याचा कान. दांडी उजवीकडे कलली कीं मोटार कॅमेऱ्याला तितकाच डावीकडे वळविते. तथापि गिंबल फक्त वळणें आवरतें; पावलागणिक होणारें वरखालीं हेलकावणें तें आवरूं शकत नाहीं. त्यासाठीं गुडघे किंचित वांकवून, टांच आधीं टेकवून चालावें लागतें. भरलेली घागर डोक्यावर घेऊन चालणारी बाई ज्या सफाईनें पाऊल टाकते, ती सफाई कोणत्याही दुकानांत विकत मिळत नाहीं.

दुसरा उपाय भिंगापाशींचा. कॅननने १९९५ सालीं बाजारांत आणलेल्या एका भिंगांत आंतील कांचांचा एक गट विद्युच्चुंबकाच्या साहाय्यानें सरकूं शकत असे. कॅमेरा कांपला कीं तो गट उलट सरके आणि प्रतिमा जागच्याजागीं राही. आज हीच योजना हातांतल्या मोबाईलमध्यें सुपारीएवढ्या जागेंत मावली आहे. कांहीं यंत्रांत भिंगाऐवजीं प्रतिमा झेलणारा पडदाच सरकतो. या उपायाचा मोठा गुण असा कीं प्रकाश पडत असतांनाच सुधारणा होते, म्हणून चित्र फरांटत नाहीं. परंतु सरकावयास जागा थोडी असल्यामुळें हाताची बारीक थरथरच तेवढी थांबते. चालण्याचे हेलकावे तिच्या आवांक्याबाहेरचे.

राहिला तिसरा उपाय, गणिताचा. चलच्चित्र म्हणजे सेकंदास २५ किंवा ३० या गतीनें घेतलेल्या स्थिर चौकटींची माळ. सॉफ्टवेअर प्रथम एका चौकटींतील ठळक खुणा हेरतें: खिडकीचा कोपरा, पाटीवरील अक्षराचें टोंक. मग पुढच्या चौकटींत त्या कोठें गेल्या तें शोधतें. एखादी खूण एकटीच सरकली असेल तर ती कोणा चालत्या माणसाची समजून सोडून देतें. बहुतेक साऱ्या एकाच दिशेनें सरकल्या असतील तर कॅमेराच हलला असें ठरवितें. अशा रीतीनें कॅमेऱ्यानें आक्रमिलेला वेडावांकडा मार्ग हातीं येतो. त्याच्या शेजारून एक सरळसोट मार्ग आंखावयाचा, आणि एकेक चौकट सरकवून-फिरवून त्यावर आणून बसवावयाची, हें पुढचें काम. हा मार्ग कसा असावा याविषयीं मथायस ग्रुंडमान, विवेक क्वात्रा व इर्फान एस्सा यांनीं २०११ सालीं सुंदर विचार मांडला. स्थिर उभें राहणें, सारख्या गतीनें सरकणें, आणि एका गतींतून दुसरींत हळुवार शिरणें, एवढ्या तीनच चाली कॅमेऱ्याला ठेवाव्या, असें त्याचें सार. तिपाई व रुळांवरची गाडी घेऊन काम करणारा कसबी माणूस हेंच करीत असतो.

परंतु येथेंच चित्राची किंमत सुरू होते. चौकट डावीकडे सरकविली कीं उजवीकडे रिकामी कड उघडी पडते; ती झांकण्यासाठीं सगळ्या चौकटी कापाव्या लागतात. प्रत्येक बाजूनें दहावा हिस्सा कापला, तर रुंदी व उंची ८० टक्के उरते. म्हणजे क्षेत्रफळ ६४ टक्केच. कडेला उभी असलेली आत्या चित्रांतून नाहींशी झाली असें पुष्कळदां होतें, तें यामुळें. दुसरी किंमत फरांट्यांची. शटर उघडें असतांनाच कॅमेरा हलला असेल, तर त्या चौकटींतले दिवे रेघा होऊन बसलेले असतात. चौकट जागेवर आणली तरी रेघेचा पुन्हां ठिपका होत नाहीं. उलट स्थिर चित्रांत मधूनच येणारा तो धूसरपणा अधिकच खुपतो. रात्रींच्या मिरवणुकींत उजेड थोडा, म्हणून शटर अधिक वेळ उघडें, म्हणून फरांटेही अधिक. तिसरी किंमत अशी कीं बहुतेक मोबाईल चौकटीच्या ओळी वरून खालीं क्रमानें टिपतात. तेवढ्या अवकाशांत हात हलला तर वरचें छप्पर एकीकडे आणि खालचें जोतें दुसरीकडे जातें; मग स्थिर केलेल्या चित्रांतील घर खरवसासारखें लिबलिबतें. शिवाय गर्दीनें भरलेल्या किंवा समुद्राच्या दृश्यांत बहुसंख्य खुणाच हलत्या असल्यामुळें कोण हलतें आहे याविषयीं गणिताची फसगत होऊं शकते.

असें असूनही हा उपाय केवळ डोळ्यांच्या सुखाचा नव्हे, हें एका उदाहरणावरून कळेल. २७ जुलै १९९६ रोजीं, मध्यरात्र उलटल्यावर, अमेरिकेंतील ॲटलांटा शहरीं ऑलिंपिक सामने चालू असतां सेंटेनिअल ऑलिंपिक पार्कमध्यें बाँबचा स्फोट झाला. तेथें जमलेल्या लोकांपैकीं कोणाकोणाच्या हातांत कॅमेरे होते. परंतु तीं चित्रें अंधारांतलीं, दाणेदार आणि हललेलीं. एफ. बी. आय. या तपाससंस्थेनें नासाच्या मार्शल केंद्राकडे साहाय्य मागितलें. तेथील डेव्हिड हॅथवे हे सूर्याचे अभ्यासक, आणि पॉल मायर हे वातावरणाचे. त्यांनीं हललेल्या चौकटींतील सरकणें, वळणें व लहानमोठें होणें मोजून त्या एकमेकींवर नेमक्या बसविल्या. असें झालें म्हणजे एक मोठा लाभ होतो. खरी वस्तु प्रत्येक चौकटींत त्याच जागीं असते, आणि अंधारांतले दाणे मात्र दर वेळीं निराळे असतात. १६ चौकटींची सरासरी काढली तर दाण्यांचा त्रास चौथाईवर येतो, आणि वस्तूची आकृति वर येते. याच पद्धतीला पुढें व्हिसार हें नांव पडलें. यांत ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं गणितानें पदरची एकही रेघ घातली नाहीं. कॅमेऱ्यानें सोळा वेळां जें अर्धवट पाहिलें होतें, तेंच एकत्र केलें.

आज ही मर्यादा ओलांडणें सोपें झालें आहे. कापलेल्या कडा भरून काढणारीं सॉफ्टवेअरें निघालीं आहेत. त्यांपैकीं कांहीं शेजारच्या चौकटींतून तो भाग उसना आणतात. तेथें निदान कॅमेऱ्यानें क्षणापूर्वीं पाहिलेलेंच असतें. कांहीं मात्र पूर्वीं पाहिलेल्या असंख्य चित्रांच्या संस्कारावरून तेथें काय असावें याचा तर्क करून तें रंगवितात. लग्नाच्या मांडवांत एखादी झालर अधिक रंगली तर कोणाचें बिघडत नाहीं. परंतु तेंच चित्र अपघाताचें असेल, दंग्याचें असेल, तर रंगविलेल्या कडेवरून एखादा निरपराध माणूस तेथें असल्याचा किंवा नसल्याचा निवाडा होऊं शकेल. असें चित्र साक्षीदार राहत नाहीं. तें चित्रकार होतें.

तेव्हां गृहस्थानें काय करावें? कोंपरें बरगड्यांना टेकवावीं. खांब, भिंत, खुर्चीची पाठ जें जवळ असेल त्याचा आधार घ्यावा. दूरचें ओढून मोठें करण्याऐवजीं शक्य तर आपणच चार पावलें पुढें जावें. एका दृश्यावर निदान दहा अंक मोजेपर्यंत थांबावें. मुख्य माणसाभोंवतीं जागा सोडावी, म्हणजे पुढें कड कापली तरी तो सुरक्षित राहील. उजेड भरपूर असेल तर शटरचा काळ कमी ठेवावा. मोबाईल चित्र घेतां घेतांच कडा कापून स्थिर करीत असेल, तर कापलेलें पुन्हां हातीं येत नाहीं. म्हणून महत्त्वाच्या प्रसंगीं ती योजना चालू ठेवावी कीं नाहीं हें आधींच ठरवावें.

आणि जुनें चित्र सॉफ्टवेअरनें सावरावयाचें असेल, तर तें त्याच्या नकलेवर सावरावें. मूळ प्रत निराळ्या जागीं, नांव व तारीख घालून, जशीच्या तशी ठेवावी. गणित दर चार-सहा वर्षांनीं सुधारत आहे. आज जी थरथर त्याला आवरत नाहीं, ती पुढें आवरेल. पण त्या वेळीं त्याच्या हातीं देण्यास आजोबांचें मूळ चित्र, त्यांतल्या सगळ्या हिसक्यांसह, शिल्लक असलें पाहिजे.